मनीताईचा गेम कोणी डिलीट केला

माझी बहीण मोबाईलमुळं गेली न्हाई.

हे वाक्य आधी नीट वाचा. मंग पुढं बोलू.

काल मनीताईचं वर्षश्राद्ध झालं, वाटूरला, आमच्या घरी. जेवणं उरकल्यावर ओट्यावर बसलेल्या एका पाहुण्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "चोवीस तास मोबाईल. त्या गेमनंच खाल्लं पोरीला."

दोघा-तिघांनी "बराबर हाय" म्हणलं.

आणि आमच्या दादानं पण मान डोलावली.

मी काल गप्प बसलो. आज बसणार न्हाई.

मनीताईच्या दोन्ही किडन्या गेल्त्या. चार वर्षं डायलिसिस. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. डाव्या हातात दोन जाड सुया, तो हात बिलकुल हलवायचा न्हाई. दिवसाचं पाणी मोजून. मीठ मोजून. चाळिशीची बाई, गावात शिवणक्लास चालवायची. तो बंद करावा लागला.

ज्यांनी "मोबाईलनं खाल्लं" म्हणलं, त्यातला एकही माणूस त्या चार वर्षांत त्या डायलिसिसच्या हॉलमध्ये एकदा तरी आल्ता का?

मी यायचो. माझं ऑफिस जालन्यातच, त्या दवाखान्याजवळ. लंच टाइममध्ये जाऊन तिच्याजवळ बसायचो. तिच्या मोबाईलमध्ये तो गेम मीच टाकून दिल्ता. कॉमिक्समधला मुखवट्यावाला सुपरहिरो, त्याची मारामारी. फुकटचा गेम. दर दोन फाइटनंतर जाहिरात. मला वाटलं, दोन दिवस खेळेल आणि सोडून देईल.

ती पोटावर उशी घ्यायची, उशीवर मोबाईल. लोक दोन अंगठ्यांनी खेळतात, ही एकाच. अडवायचं त्यानंच, मारायचं त्यानंच. जाहिरात लागली की घोटभर पाणी प्यायची.

एकदा मी म्हणलो, "ताई, वय काय तुझं, काय खेळून राह्यली?"

मोबाईलवरची नजर न काढता म्हणली, "दिवसभर सगळे मला धरून उठवतात, धरून बसवतात. इथं मी कोणाला तरी आडवं पाडते. पाडू दे."

त्यानंतर मी कधी बोललो न्हाई. उलट तिच्याशी खेळायला लागलो. दरवेळी हरलो.

"तू घाई करतो," म्हणायची. "त्याला आधी थकू दे. मंग मार."

शेजारच्या बेडवर कुंभार पिंपळगावचे एक आजोबा असायचे. त्यांना गेममधलं काही कळत नव्हतं, पण मशीन सुरू झालं की विचारायचे, "बाई, आज किती पाडले?" ती आकडा सांगायची. आजोबा खूश.

"मनी वाटूर" हे तिचं गेममधलं नाव. शेवटी शेवटी एवढ्या वरच्या लेव्हलला पोचल्ती की समोर कुठले कुठले परदेशी खेळाडू यायचे. त्यांना वाटूर कुठं हाय हे काय माहीत. मार खायचे आणि जायचे.

मागच्या वर्षी ती तापानं ॲडमिट झाली. चार दिवस. मोबाईल दादाकडं होता. भेटायला येणारा प्रत्येक जण दादाला ऐकवायचा, "मोबाईलचे किरण वाईट असतात. तू मोठा भाऊ, तू लक्ष द्यायला पाहिजे."

चौथ्या दिवशी दादानं तो गेम डिलीट केला. वॉर्डाबाहेर, माझ्यासमोर.

मी चहा पीत उभा होतो. त्याला अडवायला दोन शब्द लागले असते.

न्हाई बोललो.

पुढच्या डायलिसिसला ताईनं मोबाईल उघडला, तर गेम न्हाई. मी परत गेम टाकून दिला. तर तो पहिल्यापासून सुरू. पहिला बुक्का कसा मारायचा, ते शिकवायला लागला. कोणाला, तर तिला. अकाउंट ईमेल-बिमेल कशालाच जोडलेलं नव्हतं. चार वर्षांचं सगळं गेलं.

मी कंपनीला मेल केला. उत्तर आलं, प्रिय खेळाडू, तुमचा आयडी नंबर कळवा. तो नंबर त्या डिलीट झालेल्या गेममध्येच होता. परत लिहिलं. परत तेच उत्तर. तिसऱ्यांदा लिहिलं, तर म्हणे तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे.

ताईनं मोबाईल उपडा ठेवला.

"परत सुरू कर ना," मी म्हणलो. "होईल जल्दी."

"पहिल्यापासून कोण करणार रे. तेवढा टाइम हाय का माझ्याकडं?"

आजोबांनी विचारलं, "बाई, आज किती?"

"संपला खेळ, बाबा."

त्यानंतर ती चार-चार तास छताकडं बघत पडायची. दोन महिन्यांनी गेली. किडनीनं थकवलेलं हार्ट बंद पडलं. डॉक्टरांनी हेच लिहून दिलं. मोबाईल लिहिलं न्हाई.

दादाला ती शेवटपर्यंत एका शब्दानं टोचून बोलली न्हाई. कारण चार वर्षं, दर खेपेला, दुकान बंद ठेवून वाटूरहून जालन्याला तिला गाडीत घेऊन येणारा पण दादाच होता. हे पण खरं हाय. म्हणूनच मला राग करायला त्रास होतो, आणि तरी येतो.

आज सकाळी दादाला फोन केला. वर लिहिलं ते सगळं सांगितलं. एक अंगठा. आजोबा. छत.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणला, "मला वाटलं, ती नुसती बोटं फिरवत बसते."

मी म्हणलो, "मी हे लिहून टाकणार हाय."

"टाक. मी केलं म्हणून लिही."

लिहिलं.

आणि मी बघत उभा होतो, हे पण लिहिलं.

आता कोणाला कमेंटमध्ये "मोबाईलचे दुष्परिणाम" लिहायचे असतील, तर माझ्या प्रोफाइलवर न्हाई. घरी या, ओट्यावर बसा, आमच्या दोघांच्या तोंडावर बोला.

मनीताई, तुझ्या दोन्ही भावांकडून भावपूर्ण श्रद्धांजली.

जमलं तर माफ कर.