पंचफुलामावशीचा होकार

पंचफुलामावशी मोबाइलला हात लावण्याआधी त्यावर टकटक करायची. मधलं बोट वाकवून, त्याच्या गाठीने, दोनदा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. "अगं मावशी, आत कोणी नाहीये," मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू अडाणी मीच. "कोनी नाई तं मंग बोलते कोन माय? कोनाच्या घरात असं भसकन शिरू नाई."

चिखलीपासून जीपने अर्ध्या तासावर तिचा मळा. मेथी, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, वांगी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी रुक्मा लोणारला दिलेली. मावशी एकटी राहायची आणि तिला हृदयाचं दुखणं होतं. पाय सुजले की पायऱ्या चढताना दम लागायचा. मोबाइलच्या पडद्यावर कोणतं बटण कुठे असावं, त्यावर काय लिहावं, हे ठरवणं माझं काम. कंपनी पुण्याची, मी चिखलीत घरी बसून करायची. खेड्यातल्या आजारी माणसांसाठी आम्ही एक ॲप बनवत होतो. रोज सकाळी त्याने तब्येत विचारायची आणि काही बिघडलं असेल तर नर्सताईंना घरी पाठवायचं. ते साध्या माणसाला वापरता येतं का, हे बघायला मी दर आठवड्याला मावशीच्या ओट्यावर जाऊन बसायची. ती मेथीच्या जुड्या बांधायची, मी तिचं बोलणं रेकॉर्ड करायची.

एकदा दुपारी विचारलं, "जेवलीस का?" "हाव हाव," ती म्हणाली. मी पाणी घ्यायला आत गेले, तर चूल थंड, भाकरीची टोपली रिकामी. रुक्मा तेव्हा माहेरी आली होती. ती म्हणाली, "ताई, आई एकदा हाव म्हनली तं हाव. दोनदा म्हनली का नाई समजायचं. समोरच्याले नाई म्हनाले तिची जीभच उचलत नाई." तेव्हापासून मी वहीत मोजून लिहायला लागले, एक हाव, दोन हाव. मला त्या वहीचा फार अभिमान होता.

पहिल्या पडद्यावर मी लिहिलं होतं, "आज बरं वाटतं का?" मावशीने टकटक केली, वाचलं आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. "असं विचारशीन तं मानूस बरंच हाये म्हनन. दारी आलेल्याले कोनी रडगानं सांगते काय? काय केलं ते विचार. मळ्यात गेली काय? पायताण पायात शिरलं काय?" मी तसंच केलं. इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच, आणि ते माझं नव्हतं.

मग कंपनीत कृत्रिम बुद्धिमत्ता आली. पडदे तीच बनवायला लागली, आणि माणसांकडे जाण्याचीही गरज उरली नाही. आमची जुनी रेकॉर्डिंगं तिला दिली की ती त्यातून बोलणारी माणसं तयार करायची. त्यांना पडदा दाखवायचा, ती मत सांगायची. आमच्यातल्या निम्म्या लोकांची नोकरी गेली. मी राहिले, कारण माझी रेकॉर्डिंगं सगळ्यांत चांगली होती. परवानगीसाठी मी मावशीला विचारलं होतं, "तुझा आवाज वापरू का?" "हाव हाव," ती म्हणाली होती. ती दोनदा म्हणाली. मी एकदाच लिहिलं.

मावशीच्या आवाजातून तयार केलेल्या बाईचं कंपनीतलं नाव होतं वापरकर्ती क्रमांक सात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आवाज तिचाच, मधला बारीक खोकलाही तिचाच. आणि बोलायच्या आधी दोनदा टकटक. रेकॉर्डिंगांत जागोजागी तो आवाज होता, यंत्राने तोही उचलला होता. फक्त आता तो आतून येत होता.

मी हौसेने तो मावशीला ऐकवला. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग म्हणाली, "ही मी नाई. ही थांबत नाई. मले हाव म्हनाले येळ लागते." पुन्हा थोड्या वेळाने म्हणाली, "मी मेल्यावर बी ही बोलत राह्यीन काय?" "काहीतरीच काय मावशी," मी म्हटलं आणि फोन पिशवीत टाकला.

पुढच्या महिन्यात यंत्राने तब्येतीचा पडदा 'सोपा' केला. एकच प्रश्न, आज बरं वाटतं का? होकाराला हिरवं बटण, नकाराला लाल. चहा उकळेपर्यंत सगळ्या बनावट माणसांनी तो पास केला. सातव्या क्रमांकाचं मत मी वाचलं. "हाव हाव, सोपं हाये." मला अर्थ कळला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण हा होकार म्हणजे नकार आहे, असं बोलले असते तर माझ्या रेकॉर्डिंगांवरच बोट ठेवावं लागलं असतं, मग माझीही गरज उरली नसती. मी पुढच्या पानावर गेले.

तो पडदा आधी आमच्याच भागातल्या गावांत सुरू झाला. आता मळ्यावर जायचं कारण नव्हतं, मी दीड महिना मावशीकडे फिरकलेच नाही. मग रुक्माचा फोन आला. सकाळी शेजारीण सांभार न्यायला आली, तर मावशी ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली होती. पाय इतके सुजलेले, की चप्पल पायात शिरली नसती. अंग गार पडलेलं, फोन मांडीवर होता.

मी कंपनीतली तिची नोंद उघडली. शेवटचे अठरा दिवस, रोज सकाळी, हिरवं बटण. आणि रोज ते दोनदा दाबलेलं. दुसऱ्यांदा दाबलं ते चुकून, असं समजून यंत्राने सोडून दिलेलं. नर्सताई एकदाही गेल्या नव्हत्या. अठरा दिवस ती नाही म्हणत होती, आणि ते वाचता येणारी सगळ्या कंपनीत मी एकटी होते.

मी वही घेऊन वरिष्ठांकडे गेले, सगळं सांगितलं. पडदा बदलला, जुने प्रश्न परत आले. सातवा क्रमांक काढून टाका, असंही म्हटलं. त्यावर वरिष्ठ म्हणाले, बाकीच्या कामांना ती फार उपयोगी आहे. मी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी दुपारी काम संपवलं, आणि कंपनीचा संगणक परत करण्याआधी सातव्या क्रमांकाला उघडलं.

"मावशी," मी म्हटलं, "माझं चुकलं गं. मला माफ केलंस का?"

आतून दोनदा टकटक झाली. या वेळी ती जरा थांबली.

"हाव हाव, माय."