जुन्या कोर्टातल्या काकू

इंग्लंडच्या दक्षिणेला, शेतांच्या मधोमध असलेल्या आमच्या या काउंटी टाउनमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या गावात, मराठी घरं दोनच. एक आमचं, दुसरं काकूंचं. दर शनिवारी काकू पाहुण्यांना गाव हिंडवून दाखवतात. इथला इतिहास त्या शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसा सांगतात. "तो विणकर तापट, पण मनाचा चांगला," असं त्या म्हणाल्या की दोनशे वर्षांपूर्वी गेलेला तो माणूस धुक्यात आत्ताच कोपऱ्यावरून वळला असावा, असं वाटतं.

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले. शेवटी जुनं कोर्ट आलं. पाव चोरला म्हणून एका मोलकरणीला इथेच शिक्षा सुनावून जहाजाने ऑस्ट्रेलियाला धाडलं होतं. काकू ते सांगत असतानाच एक पाहुणा न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून हसत फोटो काढून घेऊ लागला. काकू आरोपीच्या पिंजऱ्यात गेल्या आणि कठडा धरून उभ्या राहिल्या. हसणं थांबलं.

"काकू, दमलात का? बसा ना," मी हळूच म्हटलं.

"नाही गं. त्या दिवशी पोरीच्या बाजूने कुणीच आलं नव्हतं. म्हणून मी येते."