चार बोटं जास्त

मागच्या पावसाळ्यात आमच्या मातीच्या घराची मागची भिंत पडली आणि आई थोडक्यात वाचली. तेव्हापासून ती कारंज्याला, माझ्या बहिणीकडे. तिथल्या भिंती सिमेंटच्या, तरी भिंतीच्या धास्तीने आईची खाट खोलीच्या मधोमध. लेकीच्या घरी किती दिवस राहू, असं ती रोज फोनवर विचारी आणि मला रोज लाज वाटे.

विटांचं घर बांधावं तर उन्हाळ्यात भिंतींवर मारायला पाणी कुठलं? आमच्या विहिरीतलं वांग्यांनाच पुरत नाही. म्हणून कारखान्यात तयार झालेल्या दोन खोल्या आणायचं ठरवलं. आम्ही फक्त जोतं बांधायचं होतं. गावच्या मिस्त्रीने सवयीप्रमाणे माप चार बोटं जास्त धरलं. गिलाव्यात निघून जातं, म्हणाला. मीही शहाण्यासारखी मान डोलावली.

खोल्या ट्रेलरवरून आल्या, क्रेनने पहिली उचलली आणि जोत्यातले बोल्ट तिच्या भोकांत बसेनात. अर्धं गाव बघायला जमलेलं. खोली वर लोंबकळतेय आणि खाली मी मिस्त्रीवर ओरडतोय. निम्मी चूक माझी होती, म्हणूनच आवाज जरा जास्त चढला असावा. जोडणी करायला आलेला माणूस मात्र शांत. इथे गिलावाच नसतो, चार बोटं लपवणार कुठे, एवढंच तो म्हणाला. खोली बाजूला उतरवली, जुने बोल्ट कापले, मापात नवे बसवले. दुसऱ्या दिवशी दोन्ही खोल्या जाग्यावर बसल्या तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्याने टरबूज वाजवून बघावं तशी भिंत वाजवली आणि ती पोकळ असल्याचं जाहीर केलं. आता आईला काय सांगू, ही नवी धास्ती.

आई एसटीने आली. म्हाताऱ्याने तिला फाट्यावरच गाठलं होतं. घरात येताच तिने भिंतीवर बोटं वाजवली. मी पत्रा, आतला फोम असं काहीबाही समजावू लागलो, तर तिने मला थांबवलं.

"पोकळ हाय नं? मंग बरं हाय. अंगावर पडली तरी मानूस वाचते."

ही भिंत पडत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी पंखा लावायला वळलो. तिने खाट ओढून भिंतीला लावली. दुपारी पत्रा तापला, पंखा गरम वारा फेकत होता, आणि ती भिंतीला पाठ टेकवून घोरत होती. एरवी तिच्या घोरण्याचा मला वैताग येतो. त्या दिवशी मी दाराशी बसून ते ऐकत राहिलो आणि डोळे पुसले.