टेपकाकूंनी मोजलेली खोली

टेपकाकू कोणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतींकडे बघायच्या आणि मग माणसांकडे. "या, या" म्हणत यजमानीण दारात उभी असायची आणि काकूंची नजर तिच्या डोक्यावरून पडद्याच्या दांडीवर गेलेली असायची. "तीन इंच खाली लागलीये," असं सांगून मग त्या बूट काढायला बसत. कॅनडातल्या आमच्या किचनर गावच्या मराठी मंडळींत याचा कोणी राग धरत नसे, कारण दांडी खरोखरच तीन इंच खाली असायची. त्यांच्या पर्समध्ये पाकिटाशेजारी स्टीलची टेप असे. मुलांनी त्यांना टेपकाकू म्हणायला सुरुवात केली आणि मोठ्यांनी तेच नाव उचललं. काकूंना ते ठाऊक होतं. "हिशेबाने ठेवलंय नाव," त्या म्हणायच्या. "जाडीकाकू म्हणाले असते तरी मला काय करता आलं असतं?"

काका विद्यापीठात शिकवायचे म्हणून त्या सत्तरच्या दशकात इकडे आल्या. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईला इथे कोण नोकरी देणार? त्या पडद्यांच्या दुकानात कापड कापायला लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. "माणसाला सॉरी म्हणता येतं, कापडाला नाही," हे त्यांचं वाक्य तिथलंच. लोकांची घरं त्या त्यांच्या खिडक्यांच्या मापांवरून लक्षात ठेवत. आमचं घर त्यांच्या लेखी 'बहात्तर बाय अठ्ठेचाळीस' होतं.

त्या बहात्तर बाय अठ्ठेचाळीसच्या खिडकीची खोली म्हणजे आमची जेवणाची खोली. घर घेताना एजंटने तिला 'फॉर्मल डायनिंग रूम' म्हटलं होतं, आणि आम्हीही पहिलं वर्षभर तसंच म्हणत होतो. पुढे तिच्यात ट्रेडमिल आली, मग तांदळाच्या गोण्या, मग आमच्या मुलाची, रोहनची, हॉकीची बॅग. आम्ही तिघं किचनच्या काउंटरवर जेवायचो. पाहुणे आले की बेसमेंटमध्ये लांब टेबलावर सगळं मांडायचं आणि "घ्या हाताने" म्हणायचं. सगळेच तसं करतात, आणि त्यात मला काही वावगं दिसत नव्हतं.

वावगं झालं ते थोरल्या जाऊबाईंच्या वडिलांच्या बाबतीत. ते भारतातून पहिल्यांदा लेकीकडे, मिसिसागाला आले होते. मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. तीस-पस्तीस माणसं होती. आजोबा कागदी प्लेट धरून उभे होते, वाटीतली आमटी भातावर ओतायला गेले आणि प्लेट मधोमध दुमडली. आमटी त्यांच्या पांढऱ्या पँटवर. कोणीतरी हसलं. मी पेपर टॉवेलचा रोल पुढे केला आणि पुढच्या पाहुण्याकडे वळले. माझ्या जाऊबाई, म्हणजे आमच्या वहिनी, इतकंच म्हणाल्या, "माझ्या वडिलांना आजवर कोणी उभ्याने जेवू घातलं नव्हतं." ते लोक जेवण अर्धवट टाकून गेले. त्यानंतर सहा वर्षं दोन सख्ख्या भावांत फक्त दिवाळीचे मेसेज. माझा नवरा सतीश त्याबद्दल बोलायचा नाही. दादांचा, म्हणजे थोरल्या भावाचा, फोटो मात्र त्याच्या फोनवर सगळ्यात वर असायचा.

मग पुतणीचं, मैत्रेयीचं लग्न ठरलं. सतीशने दादांना फोन लावला आणि स्वतःच केळवणाला बोलावलं. दादा म्हणाले, "येऊ. बाबाही येतील." बाबा म्हणजे तेच आजोबा, आता कायमचे लेकीकडे राहायला आलेले. सतीशने फोन ठेवला आणि मला म्हणाला, "नीता, या वेळी चुकलं तर संपलं."

मला ते कळत होतं. अडचण अशी, की जानेवारीत सतीशची सगळी टीमच कंपनीने काढून टाकली होती. मी दातांच्या दवाखान्यात ऑफिस सांभाळते. त्या पगारात घराचा हप्ता आणि ग्रोसरी निघत होती, डायनिंग सेट निघण्यासारखा नव्हता. मी टेपकाकूंना फोन केला. माझ्याकडे किती पैसे आहेत ते स्पष्ट सांगितलं. त्यांनी तो आकडा खोलीची रुंदी ऐकावी तसा ऐकला. "पुरेल. उद्या येते. तोपर्यंत खोली रिकामी कर."

नुसती रिकामी करून भागलं नाही. चार दिवस तशीच ठेवायला लावली. "येता-जाता बघत जा. खोली काय मागते ते कळू दे." खोलीने माझ्याकडे काहीही मागितलं नाही, मीच अस्वस्थ होऊन एक उद्योग केला. दवाखान्यातल्या एका बाई घर लहान करत होत्या. त्यांचं चेरीच्या लाकडाचं आठ जणांचं टेबल, उंच पाठीच्या खुर्च्या आणि काचेचं कपाट त्या फुकट द्यायला तयार होत्या. मी हो म्हणून टाकलं. काकूंना फोटो दाखवला तेव्हा शाबासकीची अपेक्षा होती.

"लांबी-रुंदी?"

मी मोजली नव्हती. त्यांनी मला तिथल्या तिथे त्या बाईंना फोन करून मापं विचारायला लावली. मग रंगाऱ्याची निळी चिकटपट्टी काढून त्या मापाचा आयत जमिनीवर आखला. त्याच्या दोन्ही बाजूंना काउंटरची स्टुलं मांडून सतीश, रोहन आणि स्वतः बसल्या. माझ्या हातात वरणाचं पातेलं दिलं, रिकामं. "वाढ."

सतीशच्या मागून मी जेमतेम आडवी होऊन गेले. रोहनच्या मागे अडकले. पातेलं त्याच्या कानाला लागलं. "मॉम! सीरियसली?"

"भरलेलं असतं तर वरण कानात गेलं असतं," काकू म्हणाल्या. "टेबल परत कर."

"अहो काकू, फुकट मिळतंय!"

"फुकटची वस्तू पाहुण्यासारखी असते, घालवता येत नाही."

"मग भांडी मधे ठेवू. पास करतील एकमेकांना. इथे सगळे तसंच करतात."

काकू स्टुलावरून उतरल्या. "नीता, तुझी जाऊ भांडी पास करायला येत नाहीये. तिच्या बापाच्या पानात कोणीतरी वाकून वाढायला हवंय. 'अजून एक घ्या' म्हणायला हवंय. ते म्हणणारी बाई कुठून जाणार? छतावरून?"

मला राग आला. पण त्या दिवशी बेसमेंटमध्ये काकूही होत्या, हे मला आठवलं. आजोबांना वॉशरूममध्ये नेऊन ओला रुमाल कोणी दिला होता, तेही. मी दवाखान्यातल्या बाईंना नको म्हणून सांगितलं. फार अवघड गेलं. इतक्या चांगल्या लाकडाला नाही म्हणायला आयुष्यात शिकले नव्हते.

मग खोली उलट्या बाजूने उभी राहिली. आधी वाढणारीची वाट, ती सोडून उरेल तेवढ्यात बाकीचं. चर्चच्या सेलमधून दोन अरुंद टेबलं आणली, टोकाला टोक जोडली. आठ खुर्च्या पाच दुकानांतून आल्या, एकीसारखी दुसरी नाही. काकूंनी प्रत्येकीच्या बैठकीची उंची मोजली. पाठ कशीही असो, बैठक सारखी हवी. "नाहीतर दादा उंच आणि तुझा नवरा बुटका दिसेल, आणि ते भांडण वेगळं." एकच खुर्ची त्यांनी हातांची घेतली. आजोबांना उठताना टेकायला. सगळ्या खुर्च्या एकाच काळपट तपकिरी रंगात रंगवल्या, तेव्हा त्या बहिणी नाही तरी चुलत बहिणी दिसायला लागल्या.

भिंतींचा रंग म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात कोणीतरी परत केलेला डबा. झाकणावरचा ठिपका बघून मला धडकी भरली. भिंतीवर तो काकवीसारखा निघाला, ऊबदार. तो सतीशने लावला. नोकरी गेल्यापासून दहाच्या आधी न उठणारा माणूस सात वाजता शिडीवर असायचा. काकू खालून सूचना करत आणि तो "हो काकू, हो काकू" करत. काकू एकदा मला किचनमध्ये हळूच म्हणाल्या, "रंगाचा दुसरा हात द्यायची गरज नाहीये. पण देऊ दे त्याला." मी दुसऱ्या हाताचे पैसे वाचवायचे म्हणून बोलणार होते, ते गिळलं.

झुंबराचे पांढरे बल्ब त्यांनी पहिल्याच दिवशी काढले होते. "या उजेडात वरणसुद्धा आजारी दिसतं." टेबलावर घालायला मी माझी जुनी इरकल काढली, कारण मराठी मंडळातल्या दोघींनी तसं केलेलं पाहिलं होतं. काकूंनी ती घडी करून माझ्या हातात परत दिली. "साडी नेसायची. तू नेस ती, केळवणाला." टेबलासाठी त्यांनी स्वतःकडचा पडद्याच्या कापडाचा तुकडा आणला, साईच्या रंगाचा, आणि माझ्या काउंटरवर बसून हाताने दुमडशिलाई घातली. भिंतीवर काय लावायचं विचारलं तर म्हणाल्या, "काही नको. आठ माणसं बसली की भिंत कोण बघतं?" हे ज्या बाईने आयुष्यभर दुसरं काही बघितलं नाही, तिने म्हणावं!

केळवणाला यायला त्यांनी नकार दिला. मी दोनदा आग्रह केला. "मी असले की तू माझ्याकडे बघत बसशील, बरोबर झालं का म्हणून. तू जाऊकडे बघ."

मार्चचा तो रविवार होता. आदल्या दिवशी बर्फ पडलं होतं. सतीशने ड्राइव्हवेवरचं बर्फ दोनदा शोव्हल केलं. दुसऱ्यांदा तिथे काहीच नव्हतं. दादा, वहिनी, मैत्रेयी, तिचा धाकटा भाऊ आणि आजोबा, असे पाचजण आले. दादांनी सतीशच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला. वहिनी खोलीच्या दारात थांबल्या. आठ पानं, पाट नसले तरी रांगोळीची बारीक रेघ, पाण्याची भांडी. आजोबा हातांच्या खुर्चीकडे कोणी न सांगता गेले आणि बसले.

मी इरकल खोचून वाढत होते. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. खोलीत फक्त चमच्यांचे आवाज. मैत्रेयी हवामानावर बोलली, रोहन हवामानावर बोलला. कॅनडात हवामान किती वेळ पुरतं ते मला तेव्हा कळलं; फार नाही. वहिनी ताटाकडे बघून जेवत होत्या. तिसरी फेरी घेऊन आजोबांच्या मागे आले तेव्हा ते मान वळवून म्हणाले, "आमटी वाढ गं अजून. या खेपेला वाटीत हं. पँट नवी आहे."

माझा आमटीचा डाव हवेतच राहिला. मग दादा हसले, फस्सकन, नाकातून आमटी येईल असे. सतीश हसला. आणि वहिनींनी तोंडावर रुमाल धरला, खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी. "बाबा, तुम्ही पण ना!"

"सहा वर्षं वाट बघतोय मी हे बोलायची," आजोबा म्हणाले. "तुम्ही बोलवतच नाही कोणी."

वहिनी उठल्या. माझ्या मागून आल्या आणि माझ्या हातातलं पातेलं घेतलं. "बस आता तू. घाम बघ किती आलाय. सतीशभाऊजी, पोळी घेताय की ताट झाकून लाजताय?" मी त्यांच्या खुर्चीवर बसले. माझ्या मागून त्या सहज फिरत होत्या, कोणाला कोपर लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "खुर्ची लागली का कोणाची भिंतीला?"

"नाही."

"मग ठीक," म्हणून त्यांनी ठेवून दिला. बाकीचं सगळं सांगायला मी परत फोन लावला, तेव्हा पूर्ण ऐकून घेतलं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी घर विकलं. मुलगा दूर पश्चिमेकडे सस्काटूनला शिकवतो, त्याच्या जवळ काँडो, म्हणजे फ्लॅट, घेतला. निरोपाला मंडळाने शाल दिली. त्यांनी ती तिथेच उलगडून रुंदी बघितली. कोणी रडलं नाही, कारण काकूंनी रडायला वेळ दिला नाही. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "सतीशला नोकरी लागली ना? मग आता त्याला वरच्या जिन्याला रंग द्यायला लाव. सवय मोडायला नको." आम्ही रविवारी फोनवर बोलतो. तिकडचा उणे तीसचा हिवाळा त्यांना मान्य आहे, काँडोतल्या खिडक्यांची मापं मान्य नाहीत.

नोव्हेंबरात एका मंगळवारी, काहीही निमित्त नसताना, वहिनींचा फोन आला. मैत्रेयीला लंडनला, म्हणजे इथल्याच तासाभरावरच्या लंडनला, सोडून परत निघालो आहोत, हायवेवर आहोत, घरी आहेस का, भूक लागलीये. मी म्हटलं, खिचडी टाकते. ते दोघं आले, बूट काढून सरळ किचनमध्ये शिरले. दादांनी फ्रिज उघडून ताक शोधलं. वहिनींनी स्वतःच पापड भाजले. आम्ही चौघं काउंटरला टेकून, कोणी स्टुलावर, कोणी उभ्याने, कुकरमधून वाढून घेत जेवलो. जेवणाच्या खोलीचा दिवासुद्धा कोणी लावला नाही.

रविवारी काकूंना सांगितलं. म्हटलं, "तुमची एवढी मेहनत, आणि वहिनी किचनमध्ये उभ्याने जेवून गेल्या."

"मग खोलीचं काम झालं. आता तिच्यात कपडे वाळत घाल," त्या म्हणाल्या. "खिडकी दक्षिणेची आहे. ऊन चांगलं येतं."