राखेखालचं रिकामं गाव

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाच्या कड्यावर लेकीनं माझा फोटो काढायला मोबाइल उचलला आणि म्हणाली, "आई, हस की जरा." मला हसू आलं नाही. मी खाली बघत होते. जगभरची माणसं तिथं येतात ती त्या निळ्या पाण्यासाठी. नवीन लग्न झालेली जोडपी तर एकमेकांना सोडून पाण्याकडंच बघत असतात. मला मात्र तिथं एक विहीर दिसली. कुणी तळ बघितला नसेल एवढी खोल, आणि तिच्या काठावर कपबशा धुऊन पालथ्या घालाव्यात तशी पांढरी घरं.

मी भूगोलाची शिक्षिका. कोल्हापुरात तीस वर्षं ज्वालामुखी शिकवला. इथं पूर्वी एक डोंगर होता, साडेतीन हजार वर्षांमागं तो फुटला, पोटातलं सगळं आभाळात फेकून रिकामा झाला आणि मग आतल्या आत खचला. त्या खड्ड्यात समुद्र शिरला. उरला तो नुसता काठ, त्याला आज बेट म्हणतात. मधोमध दोन काळी बेटं नंतर वर आली, त्यांच्यावर अजून गंधकाचा वास येतो आणि दगडाच्या फटीत हात घातला तर कोमट लागतं. हे सगळं मला पाठ होतं. तरी कठडा धरलेला हात सुटेना.

विहीर दिसली की मी आत डोकावते. ही खोड मला बारा वर्षांपासून आहे, आणि ती माझ्या वडिलांमुळं लागली.

आबा विहिरींत सुरुंग लावायचे. खडक लागला की माणसं आबांना बोलवायची. आबा दोराला धरून खाली उतरायचे, हातोडीनं खडकावर टक् टक् करायचे आणि कान लावायचे. आवाज खणखणीत आला तर इथं भोक पाडा, बद्द आला तर हाताएवढं सरका. त्यांचा अंदाज फारसा चुकत नसे. माती, मुरूम, मग मऊ मांजऱ्या दगड, मग काळा पाषाण, हा क्रम मी पुस्तकात वाचायच्या आधी त्यांच्या तोंडून ऐकला. "ह्यो काळा दगूड एकदा कढत हुता बग," असं ते सांगायचे, आणि मला वाटायचं, आबा थापा मारतात. पुढं कॉलेजात कळलं की आपला सगळा मुलूख लाव्हाच्या थरांवर थर बसून झालाय. मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर म्हणाले, "मग मी काय सांगत हुतो?"

नंतर बोअरची गाडी आली. एका दिवसात शंभर-दोनशे फूट. आबांना कुणी बोलवेना. ते बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहायचे. हातोडी मांडीवर, आणि बोलणं जवळपास बंद. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत.

अशात एका वैशाखात सकाळी ते आईला म्हणाले, मलकापूरकडं एकानं विहीर बघायला बोलावलंय. आई खुश झाली. आबा चहा पिऊन निघाले आणि परत आले नाहीत. पोलिसांत वर्दी दिली. आबांचा धाकटा भाऊ, माझा काका, आठवडाभर मलकापूरच्या बाजूला गावोगाव फिरला. विहीर पडीक असली की गळ टाकून बघायचा, आणि गळ अडकला की स्वतः उतरायचा. साठीला आलेला माणूस, पोहायला धड येत नाही, कमरेला दोर बांधून काळ्या पाण्यात उतरत होता. काही सापडलं नाही. पण हातोडी घेऊन विहीर बघायला गेलेला माणूस विहिरीतच गेला असणार, हे आम्ही सगळ्यांनी मनात धरलं. तेव्हापासून मी डोकावते. मला पाण्यात आबांचा चेहरा दिसतो असं नाही, तसलं काही होत नाही. फक्त कुणीतरी खालून टक् टक् करतंय असं वाटत राहतं, आणि ते थांबेपर्यंत मला तिथून हलता येत नाही.

त्या बेटावरही ते ऐकू आलं. कड्याच्या पायवाटेनं आम्ही दोघी चाललो होतो. कडा उभा कापलेला, थर उघडे पडलेले: खाली काळा, मध्ये तांबडा, वर त्या मोठ्या स्फोटाची पांढरी राख हात-दोन हात नव्हे, माड्यांएवढी जाड. आणि टक् टक्. वळणावर एक म्हातारा पडका बांध रचत होता. पाठमोरा, खांदे तसेच उतरते. त्यानं दगड उचलला, हातोडीनं ठोकला, कानाजवळ नेला आणि बाजूला टाकला. मी "आबा" म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. तो वळला तेव्हा निळ्या डोळ्यांचा, पांढऱ्या मिशांचा परका माणूस निघाला. त्यानं हात वर करून काहीतरी म्हटलं, बहुधा नमस्कार असेल. लेकीनं मला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. तिला वाटलं ऊन लागलं. मी तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही राखेखालचं गाव बघायला गेलो. त्या स्फोटात ते पुरं गाडलं गेलं होतं, आता उकरून वर छप्पर घातलंय. गल्ल्या, दुमजली घरं, भूकंपानं मधोमध मोडलेला दगडी जिना, कंबरेएवढे रांजण. लाकडी खाट कुजून गेली, पण राखेत तिचा साचा तसाच राहिला होता. मला कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटत होतं. सारखं वाटायचं, आतून कुणीतरी येईल आणि विचारेल, कोण पाहिजे?

माहिती सांगणारी बाई माझ्याच वयाची होती. ती म्हणाली, इथं सगळं सापडलं, माणूस मात्र एकही सापडला नाही. हाडं नाहीत. दागिनेही जवळजवळ नाहीत. आधी हादरे बसले तेव्हा लोक बाहेर पडले, परत आले, पडझड आवरायला लागले, खाटा बाहेर काढल्या, आणि मग कायमचे निघून गेले. कुठं गेले ते कुणालाच माहीत नाही. मी वर्गातल्या पोरांसारखा हात वर केला. म्हटलं, गेलेच कशावरून? कुठंतरी एकत्र मेले असतील. ती म्हणाली, "मरण अचानक आलं तर माणूस काही उचलत नाही. इथं त्यांनी काय नेलं आणि काय ठेवलं ते बघा, म्हणजे कळेल." हे उत्तर मला फार आवडलं. वहीत लिहून घेतलं. त्यात माझ्यासाठी काय आहे ते मला तेव्हा कळलं नाही. मी इतकी शहाणी!

कोल्हापूरला परत आले तर काका आलेला. बारा वर्षं आता भरत आली होती. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाचा पुतळा करून, डोक्याच्या जागी नारळ ठेवून, त्याला अग्नी द्यायचा, अशी आमच्याकडं रीत. काकाच्या नातीचं लग्न ठरत होतं आणि त्याच्या मनानं घेतलं होतं की दादाचं केल्याशिवाय घरात मंगलकार्य होऊ नये. आबांना मूल एकच, मी. अग्नी मीच द्यायचा. पण आईचा होकार हवा होता. आई आबा गेल्यापासून माझ्याकडं राहते, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावते, आणि या विषयावर तिचं उत्तर ठरलेलं, "न्हाय." काका चिडायचा, रडायचा. म्हणायचा, "वैनी, त्यो तिकडं पान्यात तळमळत असंल की गं." आई शेंगा फोडत राहायची.

मला वाटायचं, ती वाट बघतेय. भोळी आशा, दुसरं काय. मला तिची कीवही यायची आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. मलाच सुटका हवी होती. एकदा अग्नी दिला की ती टकटक थांबेल असं मी धरून बसले होते.

एका रविवारी दुपारी मी तिला बेटाची गोष्ट सांगायला घेतली. हेतू सरळ नव्हता. एवढं मोठं गाव नाहीसं झालं, कुणाचं काही सापडलं नाही, तरी जग पुढं गेलंच ना, असं वळण घेऊन मी पुतळ्यावर येणार होते. पण गोष्ट सांगताना माझ्यातली मास्तरीण जागी झाली. रांजण सांगितले, खाटा सांगितल्या. मग त्या बाईचं वाक्य सांगितलं. "मेलेला माणूस काही उचलत नाही, आई. काय नेलं आणि काय ठेवलं, त्यावरनं कळतं, माणूस मेला का निघून गेला."

आईचे हात थांबले. मांडीवरचं शेंगांचं सूप तिनं खाली ठेवलं.

"त्या बाईला कुनी सांगितलं?" तिनं विचारलं.

"काय?"

"काय न्हाय. जाऊ दे." मग म्हणाली, "तुझा बा वैशाखात स्वेटर घेऊन गेलता."

मला काही कळेना. ती उठली, तिची पत्र्याची पेटी ओढली, लुगड्यांच्या तळातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी फडकं सोडलं. आबांची हातोडी होती.

"हिरीवर गेलता म्हनं," आई म्हणाली. "हातुडी कट्ट्यावर ठेवून. दुपारी मला दिसली. आत बघितलं तर स्वेटर न्हाय, चष्म्याचं घर न्हाय, देवळीतला त्याच्या आईचा फोटू न्हाय. मला तवाच कळलं. मलकापुरात कुनी बोलिवलंच न्हवतं."

"मग तू पोलिसांना..."

"हातुडी घिऊन गेला म्हनून सांगितलं. काय सांगू? बायकूला टाकून गेला म्हनून सांगू? म्हातारपनी? गल्लीभर काय बोलले असते?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "तुझा काका हिरीत उतरत हुता आन् मी हितं गप बसलो. रोज वाटायचं, आज सांगतो. एकदा तर पाय घसरून बुडायचाच राहिला. तरी तोंड उघडलं न्हाय."

मला आईचा इतका राग आला की मी उठून गॅलरीत गेले. बारा वर्षं मी विहिरींत डोकावत होते. बारा वर्षं बापाचं मरण मी मनात शंभर तऱ्हांनी बघितलं होतं. आणि तो माणूस थंडीची तयारी करून, स्वतःच्या आईचा फोटो घेऊन, माझा एकही न घेता निघून गेला होता. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त लागलं. पन्नाशीच्या बाईनं कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून रडावं, तशी मी रडले. आत आले तेव्हा आई शेंगा फोडत होती. मी विचारलं, "म्हणून नको म्हणत होतीस?"

"जित्या मानसाला कसा जाळू?" ती म्हणाली.

मग चार दिवस आम्ही एकमेकींशी मीठ-तिखटापलीकडं बोललो नाही. पाचव्या दिवशी आईनं स्वतः काकाला फोन लावला आणि सांगितलं, "करून टाक." का, ते मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "तुझा काका थकलाय. त्याला सोडवायला पायजे." भटजींनी घरी येऊन सगळं समजावलं. हेही सांगितलं की, विधीनंतर माणूस कधीकाळी परत आलाच, तर तो नव्यानं जन्मला असं धरतात, बारशापासून सगळं पुन्हा करावं लागतं. काकानं कानावर हात ठेवले. आई म्हणाली, "नाव मी ठेवीन." भटजी हसले. मला हसू आलं नाही.

पंचगंगेच्या घाटावर पुतळा ठेवला होता. लहान होता, तीन-चार वर्षांच्या पोराएवढा. नारळाला पांढरं फडकं गुंडाळलेलं. माझ्या हातात पेटतं गवत दिलं. काका हात जोडून उभा होता. मी तेव्हा एक वाक्य बोलले असते तर सगळं थांबलं असतं. काकाला कळलं असतं की त्याचा दादा त्याला न सांगता गेला, आणि वहिनीनं त्याला विहिरीत उतरू दिलं. मी आईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, नदीकडं बघत होती. मी अग्नी दिला. दर्भ कोरडे होते, लगेच पेटले.

काकानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. "लई हाल झालं असतील गं दादाचं," म्हणाला. "थंडगार पान्यात."

"नाही, काका," मी म्हणाले. "थंडी नसेल वाजली त्यांना."

त्यानं मान हलवली आणि माझा हात घट्ट धरला. त्या दिवशी मी त्याच्याशी बोललेलं तेवढंच एक खरं होतं.