आळशी पोलिसाचं पुस्तक

चंद्रशेखर साळुंके साताऱ्याला हवालदार होते. निवृत्तीनंतर ते न्यूझीलंडमध्ये अप्पर हटला मुलीकडे राहू लागले, तरी सकाळी सहाला दाढी करून तयार असत. शेजारच्या घरात मी मुलाकडे राहतो. मी आयुष्यभर गवंडीकाम केलं.

२००५ साली त्यांची नात सिद्धी शाळेत जपानी शिकत होती. बाईंनी तिला एक जपानी विनोदी चित्रकथा दिली. त्या कथेचा नायक पोलीस, पण चौकीत झोपा काढणारा. हवालदारांनी ती काढून घेतली आणि ते माझ्याकडे आले.

"अडतीस वर्षं मी ड्युटीवर डुलकी घेतली नाही. पोरीनं हे वाचायचं? उद्या परत देतो."

मागोमाग सिद्धी आली, रडवेली. "आजोबा, इट्स जस्ट अ जोक."

मी पुस्तक उघडलं. झोपलेल्या पोलिसामागे गल्ली होती. छपराचं कौल न् कौल वेगळं काढलेलं.

"चित्रकार असं किती दिवसांनी काढतो?" मी विचारलं.

"एव्हरी वीक. ट्वेंटी-नाइन इयर्स. एकदाही मिस नाही."

"हवालदार, कौलं बघा," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"अशी बिनखाड्याची हजेरी माझीही भरली नाही," म्हणाले, आणि पुस्तक तिला दिलं. "वाच. आणि मला मराठीत सांग."