डाव्या आसनावरचे वजन

कुंभिवलीचा गोमा ठोंबरे हा दीड एकर भाताचा कुणबी. गावातल्या बहुतेकांपेक्षा तो अंगाने भरलेला होता. साठच्या दशकातील एका भातकापणीच्या हंगामात त्याच्यावर जो प्रसंग आला, त्याला त्याचे हे अंगच कारण झाले.

त्या वर्षी पाऊस उघडल्यावर मुंबईचे केकीशेट हमरस्त्यालगतची एक शेड भाड्याने घेऊन राहिले. त्यांची दोन माणसांची, वरून उघडी, जमिनीला लागून धावणारी विलायती गाडी होती. दिवाळीनंतर घाटात मोटारींची शर्यत व्हायची होती. वळणावर गाडी जितकी झुकते तितका वेळ जातो, म्हणून शेटनी चारही चाकांना हादरे झेलणारे नवे शॉक मागवून बसवले होते. प्रत्येक शॉकच्या तळाशी खाचांची एक चकती होती. किल्लीने ती एका अंगाला फिरवली की शॉक कडक होई, दुसऱ्या अंगाला फिरवली की सैल. पण कडक किती आणि सैल किती, हे गाडीत किती वजन बसले आहे यावर ठरे. शर्यतीत शेटच्या शेजारी त्यांचा एक मित्र बसणार होता. त्याला मुंबईहून रोज येणे शक्य नव्हते. तेव्हा त्याच्याइतक्या वजनाचा माणूस हवा होता. भातगिरणीच्या काट्यावर गावातले काहीजण चढून उतरले आणि काटा गोमावर जुळला.

“जमला,” शेटचा मिस्त्री पोपट म्हणाला. “आता बाबा, घटू नको नि वाढू नको.”

“घटंल कशानं? बायकूचं बी तोच खातो,” गिरणीवरचा कोणीतरी बोलला. सगळे हसले, आणि गोमाही हसला.

दुसऱ्या सकाळपासून तो डाव्या आसनावर बसू लागला. शेट गाडी घाटात नेत, परत आणत, पोपट खाली सरपटून चकती फिरवी, पुन्हा घाट. गोमाने काही करायचे नव्हते. मोबदला रोजच्या रोज मिळे. परंतु त्याला त्या आसनावर धरून ठेवणारी गोष्ट मोबदला नव्हती. शर्यतीच्या दिवशी आपण या गाडीत असू, असे त्याने धरले होते. तसे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि मित्राची गोष्ट काट्यापाशी त्याच्या कानावर घालण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

त्याचा समज वेडेपणाचा नव्हता. या भागात छकड्यांच्या शर्यती होतात. जो माणूस महिनाभर बैलांना फिरवतो, शर्यतीच्या दिवशी तोच छकड्यावर असतो. बैल मालकाचे असतील, बक्षीसही मालकाचेच असेल. पण बैल ज्याच्या हाताला बसले त्याला उतरवून दुसरा बसवणे हे तिथे कोणाच्या मनात येत नाही. गोमाने हाच न्याय मोटारीला लावला. गाडी रोज त्याच्या वजनावर बसवली जात होती. मग ती आणखी कोणाची होणार?

एवढ्यात भात पिकले. कुंभिवलीत कापणी सावडीने चाले. आज सगळे माझ्या शेतात, उद्या मी सगळ्यांच्या. मजुरी कोणी कोणाला देत नसे. सावडीला गेला नाही त्याच्या शेतात सावड येत नसे. हा नियम कोणी लिहिला नव्हता आणि कोणी मोडतही नव्हता.

सावड बांधणारे म्हातारे विठूआबा स्वतः दाराशी आले. “उद्या माझ्याकडं लागायचं हाय. येतोस ना रं?”

“आबा, मला नाय जमायचं. उन्हात राबलो तर वजन उतरतं. मिस्त्रीनं सांगितलंय.”

“वजन?” आबा जायला वळले. “बरं. बस तू.”

ते गेल्यावर गोमाची बायको अंबूबाई म्हणाली, “आपलं कोन कापनार?”

“शर्यत झाली का मी कापतो. चार दिसांचा परश्न हाय गं. शेट मला कायमचा ठेवनार.”

“शेट बोलला?”

“बोलायला कशाला पायजे?”

ती भाकरीतला मोठा वाटा त्याला वाढत राहिली आणि एकटी विळा घेऊन बांधाच्या कडेने जमेल तेवढे कापत राहिली. पिकलेले भात वाट बघत नाही. दाणे खाली झडू लागले.

शर्यतीच्या सकाळी गोमा धुतलेला सदरा घालून शेडवर गेला. शेटचा मित्र पहाटेच आला होता. डोळ्यांवर चष्मा चढवून तो डाव्या आसनावर बसला होता, आणि पोपट गाडीखाली होता.

“शेट,” गोमा म्हणाला, “मी बसतो ना?”

केकीशेट खरोखरच गोंधळले. “तू? अरे, तुझं काम झालं. फार चांगलं झालं.”

“गाडी माझ्यावर बसलीय, शेट.”

गाडीखालून पोपट हसला. “गाडी कुनावर बसत नाय रं. हे साहेब जरा हलके झालेत, म्हणून ही बघ, दोन खाचा सैल केली. झाली त्यांची.” तो किल्ली पुसत बाहेर आला. एवढे करायला त्याला विडी ओढण्याइतकाही वेळ लागला नव्हता.

केकीशेट वाईट माणूस नव्हते. त्यांनी गोमाला फसवले नाही, दिलेला शब्द मोडला नाही, कारण शब्द दिलाच नव्हता. ज्या वस्तूसाठी त्यांनी इतका खर्च केला तिचा सारा गुण हाच होता की ती कोणाचीही होऊ शकते आणि कोणाचीच राहत नाही. माणसाला निव्वळ वजन म्हणून वापरणाऱ्याला क्रूर व्हावे लागत नाही. आसनावर वजनापेक्षा काही अधिक बसले आहे, एवढे लक्षात आले नाही तरी पुरते. पण ज्या गावाने गोमाला कधी काट्यावर न चढवता ओळखले होते, ते गाव त्याने स्वतःहून सोडले होते, हेही तितकेच खरे.

त्या दिवशी शेटच्या गाडीचा दुसरा नंबर आला असे म्हणतात. गोमा शर्यत बघायला घाटात गेला नाही. तो थेट विठूआबांच्या खळ्यावर गेला. सगळी सावड तिथेच झोडणीला लागली होती.

“आबा, माझं उभं हाय.”

“उभं कुठं? आडवं झालंय,” कोणीतरी म्हणाले. या वेळी हसले कोणी नाही.

विठूआबांनी हातातली पेंढी खाली ठेवली. “तुझ्या शेतात यायला माझी ना नाय, गोमा. पन ज्यांच्याकडं तू गेला नायस, त्यांना मी काय तोंडानं सांगू?”

गोमा कोणाकडे न पाहता परतला. नवराबायकोने मिळून जे उरले होते ते कापले. त्यात बियाण्यापुरतेही धड भात निघाले नाही. पुढच्या हंगामात सावडीचे बोलावणे त्याच्या दाराशी आले नाही. तोही मागायला गेला नाही.

आले ते पोपटचे बोलावणे. शेटनी आणखी नवे शॉक मागवले होते आणि ते पुन्हा बसवायचे होते. अंबूबाईने भाकरी बांधून दिली. गोमा गिरणीच्या काट्यावर चढला, उतरला, आणि शेडवर जाऊन डाव्या आसनावर बसला. शर्यत कधी आहे, हे त्याने कोणाला विचारले नाही.